चार खिळ्यांची परवानगी

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय.

जानकीपुरमच्या आमच्या भाड्याच्या खोलीत मच्छरदाणी बांधायला मी घरमालकीणबाईंकडे चार खिळ्यांची परवानगी मागितली होती. "नहीं बेटा, दीवार खराब हो जाएगी." मी पंधरा दिवस डासांकडून चावून घेतलं.

आज त्या खोली बघायला आल्या. माझी रूममेट रुची हिने न विचारता सहा खिळे ठोकून भिंतीला फळी लावलीय. ती फळी बघून बाई म्हणाल्या, "अरे वाह! अब घर लग रहा है."

"आंटी, तो मेरे चार?"

"तुमको तो मना किया था ना!"

विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा आईने घरी शिकवलेला माझा पहिला धडा.

आता हातोडी समोर आहे. तीसुद्धा रुचीला विचारूनच घेतलीय. तुम्ही ठोकले असते का?