विसणाचे पाणी

आखातात, अल हैलमधल्या ताईच्या घरी उन्हाळ्यात नळांच्या रंगांवर कुणी विश्वास ठेवत नसे. गच्चीवरची टाकी दिवसभर तापे आणि निळ्या खुणेच्या नळाला चटका देणारे पाणी येई. म्हणून मे उजाडला की आम्ही गीझर बंद करत असू. एसीच्या गारव्यात, छताखालच्या पोकळीत निवांत पडून राहिलेले त्याच्यातले पाणी मग लाल नळातून गार होऊन येई. कढत निळे आणि शीतल लाल मिसळून आम्ही अंघोळी उरकत असू. नोव्हेंबरात गीझर पुन्हा सुरू झाला की रंग आपापल्या जागी परतत.

त्या नोव्हेंबरात ताईची मुलगी महिन्याची होती आणि बाळंतपणासाठी आई रत्नागिरीहून आली होती. रोज सकाळी ती न्हाणीघरात पाटावर पाय पसरून बसे, बाळाला नडग्यांवर पालथे घेई आणि तांब्याने पाणी घाली. बादलीत कढत पाणी, त्यात विसण म्हणून गार पाणी, मग कोपर बुडवून पाहणे, ही तिची रीत. बादली अर्धी झाली की बाळ पायांवर असतानाच ती दोन्ही नळ पुन्हा अंदाजाने सोडी.

एका सकाळी त्या दुसऱ्या पाण्याने बाळाची पाठ लालेलाल झाली. ताईने तिला उचलून छातीशी धरले.

"राहू दे, आई. उद्यापासून मी घालते."

संध्याकाळी वाटाणे सोलताना आई म्हणाली, "हाताला कळेनासं झालं असेल गं मला. वयच झालं." महिनाअखेर ती परत जाणार होती. त्याआधी नातीला पुन्हा पायांवर घेता येईल का, एवढेच तिला विचारायचे होते, आणि तेवढेच ती विचारत नव्हती.

मी तेव्हा पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झाले होते. हात बधिर होणे ही माझ्या दृष्टीने एक शक्यता होती, निष्कर्ष नव्हे. गीझरचे तापमान मी उतरवले. विसणाचे पाणी तरीही मध्येच कोमट येई. मग मी आईलाच विचारले, "रोज असंच व्हायचं का?"

ती विचारात पडली. "शुक्रवारी नाही. शुक्रवारी पाणी शहाण्यासारखं वागायचं."

शुक्रवारी सुट्टी, म्हणून भावोजी उशिरा उठत. आदल्या संध्याकाळी ताई त्यांची बाथरूम घासून सगळे नळ घट्ट बंद करी. एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी भावोजी अंघोळ करून कामावर गेले आणि मी आईच्या न्हाणीघरात निळा नळ सोडून बसले. झरोक्यातून समुद्राकडचा दुधट उजेड येत होता. पाइपवर तळहात ठेवला. प्रथम गार, मग, झोपेत कुणी कूस बदलावी तशी, आतून ऊब सरकत आली. कान फरशीला लावला. भिंतीच्या पोटात पाणी वाहत होते. कधीतरी ते समुद्र होते, मग गोड झाले, टाकीत चढले, आणि आता वाट चुकून आमच्या घरातल्या घरात फिरत होते. बराच वेळ मला तिथून उठावेसेच वाटले नाही.

मग भावोजींच्या बाथरूममध्ये गेले. लाल आणि निळा, दोन्ही नळ उघडेच होते. बंद होता तो फक्त हातात धरायच्या शॉवरचा खटका. बाहेर पडायला वाट नसल्याने दोन्ही नळांचे पाणी तिथे एकमेकांत शिरत होते. आईने पलीकडे निळा नळ सोडला की गीझरचे पाणी या वाटेने तिच्या विसणात उतरे.

संध्याकाळी भावोजी मवालेहच्या बाजारातून भाजी घेऊन आले, तेव्हा मी विचारले.

"हो, उघडेच ठेवतो," ते म्हणाले. "एकदा मनासारखं जमलेलं पाणी रोज मोडायचं कशाला? उन्हाळाभर असंच चाललंय."

"भावोजी, उन्हाळा संपला."

"मला कुणी कळवलं नाही."

"गीझर तुम्हीच चालू केलात," ताई म्हणाली आणि आईकडे पाहायचे टाळत भाजीची पिशवी उचलून आत गेली.

सकाळी तिने बाळाला तेल लावून आईसमोर धरले. "घाल तू."

आई पाटावर बसली. पाय पसरण्याआधी तिने भिंतीवर टकटक केली. "जावईबापू, उन्हाळा बंद केलात का?"

"खलास, आई. दोन्ही बंद."

वाफेत तिचा चेहरा पुसट झाला होता. बादली अर्धी झाली तेव्हा तिने नळ सोडले, आणि पूर्वी कधी करत नसे ते केले: बाळाला एका हाताने सावरत दुसरे कोपर पुन्हा पाण्यात बुडवले. बराच वेळ बुडवून ठेवले. मग तांब्या भरला.