दगडीची ट्यूब

लग्न होऊन सायखेड्याला आले तेव्हा मला धारसुद्धा काढता येत नव्हती. पाच-सहा वर्षांत मात्र आमच्या चार गाईंचं सगळं मीच बघायला लागले, कारण नवरा नाशिकला कंपनीत नोकरीला होता. एखाद्या गाईला दगडी झाली, म्हणजे सड सुजून दुधात गाठी यायला लागल्या, की मी मेडिकलमधून अँटिबायोटिकची ट्यूब आणायचे आणि स्वतःच सडात भरायचे. दोनदा भरली की दूध निवळायचं. उरलेल्या ट्यूबा फडताळात ठेवायचे. शेजारच्या बायकाही मला बोलवायला यायच्या, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग आमच्या सगळ्यात दुधाळ गाईला दगडी झाली. नेहमीची ट्यूब भरली, फरक पडला नाही. दुसरी आणली, मग महागडं इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी सड लाकडासारखा कडक झाला, गाईला ताप भरला, ती वैरण खाईना आणि हात लावू देईना. तेव्हा कुठे मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर म्हणजे पेठकडची एक तरुण मुलगी. तिने गाय तपासली आणि हळू आवाजात विचारलं, “ताई, ट्यूब किती दिवस भरता?”

“दूध निवळेपर्यंत. दोनदा, लय झालं तर तीनदा.”

“आणि चांगल्या सडांत?”

“त्यातबी भरते कधी कधी. आधीच बंदोबस्त.”

ती रागावली नाही. सडाचं तोंड पुसून तिने थोडं दूध एका स्वच्छ बाटलीत घेतलं. नवऱ्याने ती बाटली बर्फात ठेवून नाशिकच्या लॅबमध्ये पोचवली.

रिपोर्टमध्ये दोन याद्या होत्या, या जंतूंवर चालणारी औषधं आणि न चालणारी. मी आजवर वापरलेलं प्रत्येक औषध दुसऱ्या यादीत होतं.

“मॅडम, जंतूंना औषधाची सवय झाली का?” मी विचारलं.

“सवय नाही, ताई. लाखो जंतूंत एखादा मुळातच वेगळा निघतो. औषधाने तो मरत नाही. बाकीचे मेले की सगळी जागा त्याची, आणि त्याची पिल्लावळही त्याच्यासारखीच.”

मी म्हणाले, “आमच्या कांद्यात तेच झालं. एकच तणनाशक मारत राहिलो. जे गवत त्याने मरत नाय, तेच आता वावरभर हाय.”

“मग मी वेगळं काय सांगू?” ती हसली.

मला हसू आलं नाही. शेजारच्या चार गोठ्यांतही मीच ट्यूबा भरल्या होत्या.

चालणाऱ्या यादीत एक जुनं, साधं औषध होतं. ते तिने सांगितलं तितके दिवस दिलं, आणि ती सांगेपर्यंत त्या गाईचं दूध डेअरीला घातलं नाही. ताप उतरला, गाय वैरण खायला लागली. तो सड मात्र कायमचा आटला.

त्यानंतर मी फडताळ रिकामं केलं. धारेआधी कास धुऊन कोरडी पुसायची, प्रत्येक गाईला वेगळं फडकं, धार झाली की सड आयोडीनच्या पाण्यात बुडवायचे. शेजारणींना जाऊन सांगितलं की यापुढे मी ट्यूब भरणार नाही, आधी दूध तपासा. एक जण म्हणाली, “तू काय डॉक्टरीण झाली का?” बाकीच्यांनी ऐकून घेतलं, आणि हळूहळू दोघी-तिघी बाटल्या पाठवायला लागल्या.

गोठ्यात दगडी कमी झाली. दोन वर्षांनी दुसऱ्या एका गाईला झाली, तेव्हा आधी दूध लॅबला पाठवलं. मागच्या वेळी न चालणारं एक औषध या रिपोर्टमध्ये चालणाऱ्यांत होतं. मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं, वाचण्यात चूक तर नाही?

“चूक नाही,” ती म्हणाली. “दरवेळी असं होईलच असं नाही. पण औषधाचा मारा थांबला की कधी कधी साधे जंतू पुन्हा वरचढ होतात.”

त्या गाईचे चारही सड वाचले.