पुनवेचा दिवा

आमच्या गावातले रस्त्यावरचे रॉकेलचे दिवे लावणाऱ्या माणसाचं नाव मला कधीच कळलं नाही. चाकणच्या बाजाराहून बैलगाड्या परतू लागल्या की तो खांद्यावर शिडी घेऊन यायचा, आमच्या दारातल्या खांबाला लावायचा आणि वर चढून आधी स्वतःची मिशी पुसायचा, मग दिव्याची काच.

खर्च वाचवायला नगरपालिकेने ठराव केला होता, की चांदण्या रात्री दिवे लावायचे नाहीत. हा मात्र पुनवेलाही चढायचा, काच लख्ख करायचा आणि दिवा न पेटवताच उतरायचा.

एका राखीपौर्णिमेला आभाळ गच्च भरलेलं. दिवेलागणीलाच डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. तेवढ्यात नगरपालिकेचे अध्यक्ष, बहिणीकडून राखी बांधून घेऊन येताना, आमच्या दारातल्या गटारात धपकन पडले. गटारावरच्या फरश्यांचा खर्चही त्यांनी वाचवलाच होता.

"अरे, आधी दिवा लाव!" ते आतून ओरडले.

हा नुकताच खांबावरून उतरला होता. गटाराशी वाकून अदबीने म्हणाला, "आज पुनव हाय, साहेब. ठरावावर सही तुमचीच हाय."

"पण चंद्र कुठाय?"

"त्ये खातं आपलं न्हाई."

नियमावर बोट ठेवणारे मी पुढे पुष्कळ पाहिले. पण याने लगेच आपली शिडी गटारात सोडली.

"या वर, साहेब. शिडीवर अजून ठराव झाल्याला न्हाई."