विहिरीवरची पाटी आणि अप्पाचं वचन

१९५० साली मी एकोणीस वर्षांचा होतो. हुमनाबादच्या नाक्यावर सोलापूरकडं जाणाऱ्या लॉरीत कापसाच्या गाठींवर चढून बसलो, तेव्हा माझा सदरा खांद्यापासून ओलाचिंब होता. क्लीनर हसला, "एवढ्या उन्हात पाऊस कुठं गाठला रे तुला?" मी सदऱ्याची बाही पिळली. भांडून निघालेल्या माणसाला थट्टा सोसत नाही.

तुम्ही वस्तीतली माणसं, काही गावात राहिलात, काही माझ्यामागं सोलापूरच्या गिरणीत आलात. सगळे अजून म्हणता, याला चर्चच्या कमिटीनं गावातून काढलं. खोटं आहे. मी माझ्या तोंडच्या शब्दानं निघालो.

नाक्यापासून अर्ध्या कोसावर आमची ख्रिस्ती लोकांची तेरा घरं आणि मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, एक विहीर. ती खोदण्याआधी आमच्या पिढ्या दुसऱ्यानं वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेत गेल्या. पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत, बशीरबी नावाची मुसलमान विधवा दोन लेकरं घेऊन वस्तीच्या कडेला येऊन राहिली. पन्नासच्या उन्हाळ्यात कमिटीनं विहिरीवर पाटी लावली, मंडळीबाहेर पाणी जाणार नाही. पाळकसाहेब म्हणाले, "पाणी कमी हाय, आन् तिच्यापायी गावाचा रोष नको. कमिटीचा नियम देवाच्या कामासाठीच असतोय."

मी भर उपासनेत उठलो. "पाटी माणसांनी लिहिलेली. शास्त्रात कुठं हाय? शास्त्रात तर असं हाय, जात विचारून पाणी देणारा प्रभूला तान्हेला ठेवतो."

"कुठल्या अध्यायात?"

"लहानपणापासून पाठ हाय मला."

"मग येत्या रविवारी काढून दाव. सापडलं तर पाटी मी माज्या हातानं उतरवतो."

"आन् न्हाई सापडलं तर मी गाव सोडतो!" हे मला कुणी मागितलं नव्हतं.

मी दुसरी इयत्ता शिकलेला. सहा दिवस चिंचेखाली बायबल घेऊन बसून, ओळीवर बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवलं. मला पाठ होतं ते सगळं अप्पाच्या, माझ्या वडलांच्या, तोंडून आलेलं, आणि अप्पाला अक्षर येत नव्हतं. शनिवारी तहानलेल्याला पाणी पाजण्याची गोष्ट सापडली. जातीचा शब्द तिथं नव्हता.

अप्पा वाखाचा दोर वळत बसले होते. हात न थांबवता म्हणाले, "ते शास्त्र न्हाई लेकरा. ते माजं हाय. माज्या बापाला आडावरून हाकललं, तवा सुचलं."

"मग मला शास्त्र म्हणून कामून शिकवलं?"

"मी कवा म्हणलो शास्त्र? तूच दोन्ही एका दोरात वळलास."

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं. "न्हाई सापडलं," एवढंच म्हणून बसलो. ते हळू म्हणाले, "जाऊ नगंस. हट्ट सोड." मी उठून घरी निघालो. आज कळतं, ती तहानलेल्याची ओळ पुढं करायला हवी होती. अप्पाचं वचन तिच्यावर तोललं असतं, पाटीही तोलली असती. वचन टिकलं असतं, पाटी टिकली नसती. पण मी शब्दाला शब्द शोधत होतो. हरल्यावर बशीरबीची घागर विसरून गेलो.

घरी माय चुलीपुढून म्हणाली, "तुज्या शब्दासाठी जायलास, का तिच्या पाण्यासाठी?"

पुढं गिरणीच्या भोंग्यावर तीस-बत्तीस वर्षं उठलो. गिरणीतली खाती, पाळ्या, दुसऱ्याच्या जागी बदलीचं काम, सगळं शिकलो. इथल्या चर्चमध्येही कुणी नियम वाचला की मी उभा राहतो, कुठं लिहिलंय दाखवा. लोक कंटाळतात, कंटाळू द्या. फक्त आता माझ्या तोंडातून निघालेलंही घरी येऊन शास्त्रात बोट ठेवून तपासतो. अप्पाचं वचन नातवंडांना सांगतो, आणि आधी सांगतो की हे तुमच्या पणज्याचं आहे.

घर कुठलं विचारलं तर पत्ता सोलापूरचाच सांगतो. पण मनात घर म्हणजे ती चूल, आणि मायचा तो प्रश्न. तोंडानं मी त्याचं उत्तर दिलं नाही. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच घागर घेतली, पाटीखाली उभं राहून भरली, पाळकसाहेबांच्या दारावरून नेली. बशीरबीचा रांजण काठोकाठ भरेपर्यंत खेपा केल्या, घागर मायच्या हातात दिली आणि नाक्याची वाट धरली.