मागचं बेअरिंग

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जातो. कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आवाज आला की त्याला कारण असतं आणि ते पाना घेऊन शोधायचं असतं, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितोय... कारण या आवाजाचं कारण सापडलं, पण त्या आवाजात जे घडलं त्याचं नाही.

आम्ही डिचोली तालुक्यात लाटंबार्सेला राहतो. मागच्या पडवीत माझं लाकूड कातायचं छोटं लेथ आहे — सुट्टीच्या दिवशी लाटणी, चौरंगाचे पाय असं काहीबाही काढतो. गेल्या काजूच्या हंगामात त्याची मोटार किंचाळायला लागली. पट्टा काढून ती एकटी चालवली, तरी तेच. बटण बंद केल्यावरही ती फिरायची थांबेपर्यंत आवाज येत राहायचा. म्हणजे विजेचा दोष नाही, बेअरिंग! मोटारीत बेअरिंगं दोन — पुढचं पुलीकडे, मागचं पंख्याकडे. पट्ट्याचा ताण पुलीकडे येतो, म्हणून मोठ्या ऐटीत पुलीकडचं बेअरिंग बदललं. आवाज जशास तसा. मग पंख्याचं झाकण काढ, बोल्ट आवळ... बायको दारात येऊन म्हणाली, "फॅक्टरीतय असांच करतात तुमी?"

तेवढ्यात काजूच्या बागेतून बाबा ओरडले, "मागचां बेरिंग गेलां रे!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. माझे बाबा ठार बहिरे आहेत. वास्कोला जहाजांच्या दुरुस्तीत फिटर होते. त्या ठोकाठोकीत कान गेले. अकरा वर्षं आम्ही त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलतोय. माझी मुलगी सई नऊ वर्षांची — अक्षरं शिकली तीच आजोशी बोलता यावं म्हणून. तिचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

ती धावत पडवीत आली. "आजो, तुका आयकूक येता?"

बाबा बागेतून चालत आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. "माज्या आवयचो आवाज गो हो!" म्हणाले आणि खाली बसले. सईचा आवाज जरा घोगरा आहे. माझ्या आजीचाही, म्हणजे बाबांच्या आईचाही, तसाच होता.

मी मोटार बंद केली. बाबांना काही ऐकू येईना. चालू केली — सगळं ऐकू यायला लागलं, सईचं, बायकोचं, माझंही. पाच-सहा वेळा करून पाहिलं. जमिनीतून कंपनं येत असतील म्हणून त्यांना दूर बागेच्या टोकाला उभं केलं, पाठ करून. सईने पडवीतून जे म्हटलं ते त्यांनी तिथून शब्दन् शब्द ओरडून सांगितलं. खोटं कशाला बोलू, मी खूप घाबरलो आणि त्याहून जास्त आनंदलो. नंतर लक्षात आलं, देवळात असल्यासारखा मी चपला काढून उभा होतो. म्हापशाच्या कानाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही लोकांना गोंगाटात बरं ऐकू येतं, पण यांच्या नसा मेल्यात, यांना येणं शक्य नाही.

नवं बेअरिंग माझ्याकडे होतं. मी ते खणात लपवलं आणि बाबांना सांगितलं, बेळगावहून यायचंय. रोज संध्याकाळी अर्धा तास मोटार लावायची आणि सगळ्यांनी बोलायचं. सई शाळेतलं सांगायची, कविता म्हणायची, मधूनच विसरून "थांब हां आजो" म्हणायची. एवढं बोलणं आमच्या घरात पूर्वीही कधी झालं नसेल. पण मोटार दिवसेंदिवस तापत होती. असंच चाललं तर एक दिवस बेअरिंग जाम होऊन ती जळणार, हे मला दिसत होतं. मी बघून न बघितल्यासारखं करत होतो.

नवव्या दिवशी मी कामावरून आलो तर बाबा पडवीत मोटार खोलून बसलेले. खणातलं बेअरिंग शेजारी. मी पाटी आणून लिहिलं — नको ना बाबा.

त्यांनी वाचलं आणि पाटी पुसली. "मशीनाक मारून माका आयकूक नाका. आयकलां रे नातीक... पुरो."

जुनं बेअरिंग त्यांनीच ओढून काढलं. नवं बसवलं. मोटार लावली, ती अगदी शांत चालली. सईने हाक मारली. बाबा मोटारीवर हात ठेवून ती गरम होते का ते बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी विहिरीवर जाऊन रडलो.

महिन्याने बाबा देवळात गेलेले असताना मी जुनं बेअरिंग परत घातलं. किंचाळणं अगदी तेच. बाबा आले, सईने मागून तीनदा हाक मारली... ते सरळ आत गेले. का, ते मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

एकच सांगायचं राहिलं. पूर्वी सईने पाटीवर लिहिलेलं बाबा मनात वाचायचे. आता मोठ्याने वाचतात — जरा घोगऱ्या आवाजात, आणि मधेच "थांब हां" घालून.