चिलटांचे दुश्मन

हमीदभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते पाठीला फवारणीचा पंप लावून भर दुपारी नेरच्या आमच्या गल्लीत येरझाऱ्या घालत होते. अंगात पांढरंशुभ्र बनियन, एक हात दांड्यावर वरखाली चाललेला, दुसऱ्या हातातल्या नळीतून फवारा उडतोय, आणि समोर ना पीक ना झाड. मी शाळेत नुकतीच रुजू झाले होते आणि त्यांच्याच घराची पुढची खोली भाड्यानं घेतली होती. खोलीत चिलटं अशी, की डोळे उघडे ठेवायची सोय नाही. पेपर तपासायला बसावं तर एक पापणीवर, दोन डोळ्याच्या कोपऱ्यात. म्हटलं, आयताच पंपवाला सापडला! "माझ्या खोलीत मारून देता का थोडं?" मी विचारलं.

ते थांबले आणि चक्क माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"बनियन ओलं दिसते का, पा बरं मॅडम."

"नाही. कोरडं आहे."

"मंग ठीक. पानी आहे याच्यात. अन् औषध असतं तरी तुमच्या खोलीत मारलं नसतं."

माणूस थोडा सटकलेला दिसतो, असं माझं मत झालं. पुढे कळलं की हमीदभाई फवारणीचे पंप दुरुस्त करतात, आणि दुरुस्त झालेला प्रत्येक पंप साध्या पाण्यानं भरून आधी स्वतःच्या पाठीवर चढवतात. बनियनवर एक ओला ठिपका उमटला तरी पंप पुन्हा उघडायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कोरड्या पाठीशिवाय पंप हातात मिळत नसे. लोक थट्टा करायचे, "हमीदभाई, पानी मारून मारून गल्लीत पराटी उगवान तुम्ही!" त्यावर ते म्हणत, "उगवू दे. कापसाले भाव नाही तं नाही, सावली तं भेटन."

एका गोष्टीला मात्र ते थट्टेतसुद्धा तयार होत नसत. आमच्याकडे नोझलचं भोक मोठं करून घ्यायची रीत होती. भोक मोठं केलं की पंप लवकर रिकामा होतो, वावर लवकर आटपतं. त्या वर्षांत बोंडअळीनं सगळ्यांचंच डोकं फिरवलं होतं, ज्याला त्याला घाई. कुणी भोकाचं नाव काढलं की हमीदभाई पंप उचलून त्याच्या हातात देत आणि म्हणत, "दुसऱ्याजवळ जा." बस, एवढंच. कारण विचारायची कुणाची छाती होत नसे.

मी फवाऱ्याचं विचारलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात अटी घेऊन आले. फवारा मारायचा नाही, धूर करायचा नाही आणि ट्यूबलाइटजवळची पाल हाकलायची नाही. मी म्हटलं, "अहो, मी हेडमास्तरांपेक्षा पालीला जास्त भिते."

"पाल तुमचं काही खात नाही, मॅडम. चिलट खाते. हेडमास्तर काय खाते?"

पाल राहिली, मीही राहिले.

चिलटांशी त्यांचं वैरच होतं, पण ते लढायचे दुसऱ्यांच्या तोंडानं. परसात मोरीच्या पाण्यानं कायम ओल असे आणि चिलटांच्या अळ्या तिथंच होत. तिथं त्यांनी कोंबड्या सोडल्या होत्या. त्या दिवसभर ती माती उकरत. घरात कोळी आणि पाली. "दुश्मनाचा दुश्मन घरातच पोसावा लागते," ते सांगत, "बजारात नाही भेटत." सुरुवातीला त्यांनी फसगतही करून घेतली होती. कोळी चिलटं धरतात म्हणून घरातलं एकही जाळं झाडू दिलं नाही. रुखसानाभाभी, त्यांच्या पत्नी, ती हकिगत हसून सांगायच्या. दिवेलागणीला पाहावं तर जुनी, धूळ बसलेली जाळी चिलटांनी काळी झालेली. धुळीनं जाळ्याचा चिकटपणा गेलेला आणि चिलटाला तर संध्याकाळी लोंबता धागाच लागतो बसायला. "यायनं चिलटाइले झुलायसाठी पायने बांधून ठेवले होते!" भाभी म्हणायच्या. तेव्हापासून जुनं जाळं झाडायचं आणि ताजं ठेवायचं, असा नियम झाला. आणि लोंबता धागा आवडतो ना, मग आपणच देऊ, म्हणून हमीदभाईंनी मागच्या खोलीत भिंतीला लागून सुतळ्या टांगल्या. अंधारून आलं की चिलटं येऊन सुतळीवर बसत आणि भिंतीवरून पाल हळूच सरकत येई.

ती मागची खोली सलीमची. हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी होता. सलीम म्हणजे हमीदभाईंचा धाकटा भाऊ. तो खाटेवर पडलेला असे. जीभ जड झालेली, हातपाय गेलेले, फक्त डोळे तेवढे लखलखीत. डोळ्यावर चिलट बसलं तर त्याला हात उचलता येत नव्हता. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात आपोआप डोळ्याकडे जातो.

हे कसं झालं, ते हमीदभाईंनी मला एकदाच सांगितलं, ओट्यावर पंपाचा वॉशर बदलता बदलता, मान वर न करता. "तो रोजानं फवारनीले जाये. म्हने, भाईजान, भोक मोठं करून दे, लवकर आटपलं तं दुसरं वावर भेटते. म्याच केलं, मॅडम. शिलाई मशीनच्या सुईनं. त्या साली पराटी डोक्याच्या वर गेलती. वरून औषध अंगावर, अन् पंप मांगून गये, पाठ सारी ओली. औषध अंगात भिनलं. यवतमायले नेला, वाचला. पर दवाखान्यात त्याच्या डोयावर चिलटं बसत, अन् तो माह्याकडे पाहे. बोलता येत नव्हतं, नुसता पाहे." मग त्यांनी पंपाचं झाकण घट्ट केलं, पाणी भरलं, पंप पाठीवर घेतला आणि गल्लीत निघून गेले.

त्या घरात चिलट चालत नव्हतं आणि औषधही चालत नव्हतं. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते दोघे भाऊ राहत होते.

पण तिथं हसणंही होतं. संध्याकाळी सलीम पालीचा खेळ क्रिकेटच्या मॅचसारखा बघायचा. पालीनं झडप घातली की तो आतून जड जिभेनं ओरडे, "खाल्लं!" ओट्यावरून हमीदभाई विचारत, "किती राह्यले?" आणि आतून उत्तर येई, "लय!" रोज हेच. मी पेपर तपासताना त्याची वाट पाहायला लागले होते. दिवस बरा गेला, असं त्या आरोळीनंतर वाटे.

पावसाळा संपता संपता हमीदभाई सलीमच्या गोळ्या आणायला यवतमाळला गेले होते. मी शाळेतून आले तर परसात कोंबड्या आडव्या पडलेल्या, भिंतीखाली दोन पाली उताण्या. सगळ्या घराला तो उग्र वास. सलीमच्या खोलीतून "भाईजान, भाईजान" असा हंबरडा येत होता आणि भाभी ओला फडका त्याच्या तोंडावर धरून बसल्या होत्या. फाटकात शेजारचा गजानन उभा, पाठीला पंप. वावरातून उरलेलं औषध त्यानं मोरीत, परसात, भिंतींवर मारलं होतं. भाभींनी आरडाओरडा करेपर्यंत त्याचं आटपलंही होतं. चेहरा पडला होता, तरी काय चुकलं ते त्याला कळलं नव्हतं. मला म्हणाला, "हमीदभाई माह्या पंपावर एवढी मेहनत घेतेत, मॅडम. घरभर कोळ्याचे जाये पाहून वाटलं, आपनबी कधी कामी पडावं. तुमच्या खोलीत मारून देऊ का?"

तेवढ्यात हमीदभाई आले. फाटकातच त्यांनी वास घेतला. मला वाटलं, आता हा माणूस गजाननचा गळा धरणार. त्यांनी त्याचे खांदे धरले आणि त्याला गर्रकन फिरवून त्याची पाठ पाहिली. तळहात फिरवून पाहिला.

"कोरडी आहे," ते म्हणाले. "घरी जा. आंघोय कर. साबन लावून."

मग ते आत गेले.

चार-आठ दिवस घरात एक चिलट नव्हतं. मग चिलटं परत आली, आणि त्यांना खायला कुणी उरलं नव्हतं. पाल नाही, कोळी नाही, कोंबडी नाही. तो वास नाकात गेल्यापासून सलीम झोपेत दचकायचा. मग त्याची छाती भरली, ताप उतरेना. हमीदभाईंनी काम बंद ठेवलं आणि उशाशी टॉवेल घेऊन बसले. सलीमची पापणी हलली की टॉवेल हलायचा. त्या दिवसांत आतून एकदाही "खाल्लं" ऐकू आलं नाही.

सलीम गेला. जनाजा उचलला, तेव्हा आम्ही बायका दारात उभ्या होतो. खांदा द्यायला गल्लीतले सगळे पुढे झाले, त्यात गजाननही होता. हमीदभाईंनी खांदा दिला नाही. ते बाजूनं चालत होते आणि झाकलेल्या चेहऱ्यावर टॉवेल हलवत होते. ज्या गल्लीतून ते पाण्यानं भरलेले पंप घेऊन फिरत, तिच्या टोकापर्यंत तो टॉवेल मला हलताना दिसला. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले.

पुढच्या हंगामात गजानन पंप घेऊन आला आणि ओट्यापाशी मान खाली घालून उभा राहिला. हमीदभाईंनी वॉशर बदलला, पाणी भरलं, पांढरं बनियन घालून गल्लीत फेऱ्या मारल्या आणि पंप परत दिला. "गयत नाही," म्हणाले. गजाननला बहुधा शिव्या हव्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत.

हळूहळू पाली परत आल्या. कोपऱ्यात एक कोळीही आला. मागच्या खोलीत आता फक्त रिकामी खाट होती, तरी हमीदभाईंनी भिंतीला नव्या सुतळ्या टांगल्या. बदली होऊन मी नेर सोडलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी माझं सामान बांधणं चाललं होतं. हमीदभाई ओट्यावर पंप उघडून बसले होते. भिंतीवर कुठंतरी पाल चुकचुकली.

"किती राह्यले?" त्यांनी विचारलं.

आतून उत्तर आलं नाही. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि मान तिरकी करून ऐकत राहिले.