धोट्याची शिकवणी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला प्राणी मी, आणि मी शिकवलेला पहिला विद्यार्थी कुत्रा.

त्याचं नाव धोट्या. मागावर धोटा जसा या टोकाकडून त्या टोकाला पळतो, तसा तो गल्लीत पळायचा, म्हणून बाबांनीच ठेवलेलं. जन्म शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यात, लूमखालच्या सुताच्या कचऱ्यावर. गोष्ट नव्वद सालाच्या आसपासची. बाबा तेव्हा भिवंडीत लूमवर रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. म्हणजे, तसा प्रयत्न करायचे! कारण धोट्या भुंकायचा. एकदा सुरू झाला की गल्लीतली तान्ही पोरं रडून थकायची, पण हा थकायचा नाही!

एका सोमवारी भर दुपारी वीज गेली, उकाडा मी म्हणत होता, आणि धोट्या पेटला. बाबा लाल डोळ्यांनी उठून बसले.

"बस झालं! शुक्रवारी तुझा पडघ्याचा मामा येतोय. कुत्रा त्याच्या शेतावर जाणार."

धोट्याला मी बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं.

"बाबा, शुक्रवारपर्यंत थांबा. मी त्याला शिकवतो."

"तू?"

"पुस्तक आहे. कॉलेजच्या लायब्ररीत."

पुस्तक म्हटलं की बाबा ऐकायचे. पोराला लूमवर उभं राहायला लागू नये, एवढ्याचसाठी त्यांनी मला कॉलेजात घातलं होतं.

पुस्तक इंग्रजी होतं. निम्मं मला कळलं (खरं तर चित्रं कळली). सार असं, की कुत्रा गप्प असेल तेव्हा शाबासकी द्यायची आणि बिस्कीट द्यायचं. शिकवणी सुरू! "धोट्या, चूप!" गप्प. बिस्कीट! "चूप!" गप्प. बिस्कीट! मंगळवार गेला, बुधवार गेला, तोंडातून एक भू नाही! मी वहीत रोज लिहीत होतो, 'प्रगती उत्तम'. बाबा घोरत होते. आई नळावर सांगून आली, "शिक्षण ते शिक्षणच गं बाई!" गुरुवारी तर शेजारचे रहीमचाचा आपला बोकड घेऊन आले. "बेटा, इसको भी थोडा सिखा दो." मी नम्रपणे म्हणालो, "चाचा, आधी पुस्तकात बघतो."

शुक्रवारी सकाळी मामा हजर. हातात दोरी.

"काय रं कॉलेजवाल्या, कुत्रा भुकतंय का न्हाय?"

"नाही मामा! बघाच तुम्ही!"

मी मामांना ओट्यावर पाट दिला, वही बगलेत धरली आणि म्हणालो, "धोट्या, चूप!"

धोट्याने कान टवकारले, माझ्याकडे पाहिलं, आणि जो सुटला! "चूप!" भो! "अरे चूप!" भो भो! मी बिस्कीट पुढे केलं. बिस्कीट तोंडात धरून भुंकला! (हे पुस्तकात नव्हतं.) आतून बाबा ओरडले, "अरे, आठवड्यातली एक सुट्टी माझी!" आई म्हणाली, "पुस्तक उलटं धरलं होतंस का रे?"

मामांनी दोरी धोट्याच्या गळ्यात टाकलीसुद्धा. "ह्यो राखणीला बेस हाय. चल रं."

तेवढ्यात दारातून रहीमचाचा म्हणाले, "अरे बेटा, आज जुम्मा है, लूम बंद! ये लूम के नीचे पैदा हुआ, इसको सन्नाटा काटता है!"

म्हणजे लूम थांबले की धोट्या भुंकायचा! लूमवाल्यांना लूमचा आवाज ऐकूच येत नाही, तर तो थांबलेला काय कळणार? वीज गेली की धोट्या भुंकायचा, पण तेव्हा पंखाही बंद. उकाड्याने घरातले सगळेच एकमेकांवर भुंकायचे, त्यात त्याचं वेगळं काय वाटणार! आणि या आठवड्यात सोमवारनंतर वीज एकदाही गेली नव्हती. विजेची प्रगती मी माझ्या वहीत मांडत होतो!

मामा अर्धवट उठून धोट्याला दोरीने ओढत होते. मला दुसरं काही सुचलं नाही. मामांचा पाट उचलला (ते अजून त्यावर अर्धे बसलेले होते, त्याबद्दल आजही दिलगीर आहे), आईचं लाटणं आणलं आणि लूमच्या ठेक्यात बडवायला लागलो. खटाखट, खटाखट, खटाखट!

धोट्याचं तोंड मिटलं. त्याने स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या, वेटोळं केलं आणि झोपला. पाठोपाठ आतूनही आवाज आला. घोरण्याचा! बाबांच्या!

मी थांबायला गेलो, तर आईने माझा हात धरला. "थांबू नको रे! सुट्टीच्या दिवशी यांना झोप का लागत नाही, ते आज कळलं!"

मामा कंबर चोळत, रिकामी दोरी गुंडाळत पडघ्याला परत गेले. धोट्या राहिला. पण नोकरी मला लागली. दर शुक्रवारी, आणि वीज गेली की एरवीही, एका हातात कॉलेजचं पुस्तक आणि दुसऱ्या हातात लाटणं.

मी लूमवर लागू नये म्हणून बाबांनी मला शिकवलं. त्यांची इच्छा मी पूर्ण केली. लूमवर मी कधीच लागलो नाही. मीच लूम झालो!